नकाशात आमचं घर कुठे आहे?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला बजावलं होतं, "स्वतःच्या कामाबद्दल बोल, पण कंटाळवाणं बोलू नकोस." या दोन्ही अटी एकदम पाळणं मला अजून जमलेलं नाही. आपल्या डॉक्टर मित्राचं बरं आहे. तो गुडघ्यांवर बोलला आणि इथल्या प्रत्येकाला गुडघे आहेत, त्यामुळे सगळ्यांनी कान देऊन ऐकलं. मी नगररचनेचं काम करते असं सांगितलं की लोकांचा एकच प्रश्न असतो, "आमच्या प्लॉटवर आरक्षण आहे का, जरा बघून सांगतेस?" सकाळपासून तीन जणांनी विचारून झालंय. त्या तिघांना मी चहाच्या वेळी भेटते.

आज मी माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल बोलणार आहे. ही चूक आपल्याच गावाच्या नकाशात झाली होती. ज्या मैत्रिणीमुळे ती सुधारली, ती इथे बसली आहे. तिनं मला दम दिलाय की माझं नाव घ्यायचं नाही आणि माझ्याकडे बघायचंही नाही. म्हणून मी आता खिडकीकडे बघून बोलते.

सुरुवात आठवीच्या भूगोलाच्या तासापासून करते. बाईंना आठवत असेल. नकाशाची अंगं शिकवून झाल्यावर बाईंनी सांगितलं, "उद्या प्रत्येकानं घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याचा नकाशा काढून आणायचा." मी मोठ्या भावाच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली, आलेखाच्या कागदावर रस्ते आखले, दिशा दाखवली, सूची केली, प्रमाण लिहिलं. मला दहापैकी नऊ मिळाले. माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीनं पाटकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं काढला होता. त्यात प्रमाण नव्हतं आणि दिशाही नव्हती. होती ती एक विहीर, कुत्रं अंगावर येतं ते वळण, पावसाळ्यात पाणी साचतं ती जागा आणि "इथून पळत जायचं" असं लिहिलेली एक बोळ. तिला सहा मिळाले. पण वही परत देताना बाई म्हणाल्या होत्या, "मार्क हिला जास्त आहेत, पण रस्ता विचारायचा झाला तर मी तिला विचारीन."

त्या वाक्याचा अर्थ मला कळायला वीस वर्षं लागली.

पुढे मी नगररचना शिकले आणि पुण्यात एका सल्लागार संस्थेत लागले. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून संगणकावर नकाशे तयार करणं हे माझं काम. आपल्या गावाच्या सुधारित विकास आराखड्याचं नकाशांचं काम आमच्याकडे आलं, तेव्हा मला केवढा आनंद झाला सांगू! आईला फोन करून सांगितलं की आपल्या गावाचा पुढच्या वीस वर्षांचा नकाशा मी काढणार.

विकास आराखडा म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. राज्यात १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा आहे. त्यानुसार गावात आज कुठली जमीन कशासाठी वापरली जाते, याचा नकाशा आधी करायचा. घरं कुठे, दुकानं कुठे, शेती कुठे, पडीक जागा कुठे. याला विद्यमान जमीन वापराचा नकाशा म्हणतात. त्यावरून उद्या रस्ते, शाळा, दवाखाना, बाग कुठे हवी ते ठरवायचं. मग प्रारूप आराखडा जाहीर करायचा, ठरावीक मुदतीत लोकांकडून हरकती आणि सूचना मागवायच्या, नियोजन समितीपुढे सुनावणी घ्यायची आणि शेवटी शासनाची मंजुरी. म्हणजे पहिला नकाशा चुकला की पुढचं सगळं चुकत जातं.

आम्ही काम वेळेत संपवलं. नदीकाठच्या पट्ट्यात छायाचित्रात बाभळींची गर्दी दिसत होती. मधे मधे करड्या रंगाचे ठिपके होते. ते काय आहेत हे बघायला आमची दोन मुलं मोटारसायकलवरून गेली आणि पुलावरूनच बघून परत आली. नकाशात तो पट्टा 'पडीक जमीन' म्हणून रंगवला गेला. पडीक जमीन नदीकाठी असेल तर कुठल्याही नगररचनाकाराच्या मनात पहिला विचार बागेचा येतो. प्रारूप आराखड्यात तिथे हिरवा रंग आला. त्या नकाशावर मी सही केली होती.

प्रारूप जाहीर झाल्यावर पंधरा दिवसांनी रात्री फोन आला. आवाज ओळखीचा होता, पण किती वर्षांनी ऐकत होते!

"अगं, मी बोलतेय. पालिकेच्या भिंतीवर तुझा नकाशा लावलाय. त्यात आमचं घर कुठे आहे?"

मी विचारलं, "तुझं घर कुठे येतं?"

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पुलाच्या खालच्या अंगाला. पण तिथे तू बाग काढलीयस."

मित्रमैत्रिणींनो, आम्ही दोघी पाच वर्षं एका बाकावर बसलो होतो. तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मी रोज खाल्ली. ती माझ्या घरी दोनदा हळदीकुंकवाला आली होती. पण तिचं घर कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. मी कधी गेलेच नव्हते. नकाशातली चूक उपग्रहाची नव्हती आणि त्या दोन मुलांचीही नव्हती. ती चूक माझ्या शाळेच्या वयातली होती.

ती अंगणवाडी सेविका आहे. कामानिमित्त पालिकेत गेली असताना तिनं तो नकाशा पाहिला. आधी नदी शोधली, मग पूल, मग पिठाची गिरणी. गिरणीच्या पलीकडे तिची वस्ती असायला हवी होती, तिथे हिरवा रंग. सूची इंग्रजीत होती. तिनं कारकुनाला विचारलं आणि त्यानं सांगितलं, "बाग आहे ती, ताई." त्या वस्तीत ४७ घरं होती. आपल्या घरांवर बाग येणार आहे हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. जाहिरात वर्तमानपत्रात आली होती, नकाशा संकेतस्थळावरही होता. कायद्याच्या दृष्टीनं आम्ही लोकांना सांगितलं होतं.

पुढच्या रविवारी मी आले. लॅपटॉप, मोजणीचं उपकरण, छापलेले नकाशे असा सगळा सरंजाम घेऊन आले होते. मैत्रिणीनं तो अंगणवाडीत ठेवायला लावला आणि म्हणाली, "आधी रांगोळी काढू." बायका जमल्या. जमिनीवर रांगोळीनं नदी काढली, पूल काढला, बोळ काढल्या. ज्यांचं घर त्यांनी आपल्या घराच्या जागी दगड ठेवायचा. तासाभरात ४७ दगड बसले. एका आजींनी आपला दगड उचलून दोन बोटं नदीकडे सरकवला आणि म्हणाल्या, "पाणी पहिल्यांदा माझ्या दारात येतं, ते दिसू दे."

दुपारी आम्ही घरोघर गेलो. वस्तीतली दहावी-अकरावीची मुलं बरोबर होती. मोबाइलवर जागेची नोंद कशी करायची, हे त्यांना दहा मिनिटांत कळलं. मला वाटलं होतं घरं आणि बोळ मोजल्या की झालं. मैत्रीण म्हणाली, "टँकर उभा राहतो ती जागा घे. बंद पडलेला दिवा घे. पहाटे बायका कुठून जातात ती वाट घे. पुराचं पाणी कुठवर चढलं होतं त्या खुणा भिंतीवर आहेत, त्या घे." आठवीतल्या तिच्या पाटकोऱ्या कागदावर हेच तर होतं! आता तिच्या नकाशाला प्रमाण होतं, दिशा होती आणि प्रत्येक घराला क्रमांक होता.

मुदत संपायच्या आत मराठीत लिहिलेले ४७ अर्ज गेले. प्रत्येक अर्जाला त्या घरापुरता नकाशाचा तुकडा जोडला होता. आमच्या संस्थेनं चूक मान्य करणारं पत्र दिलं. ते पत्र लिहिताना मला बोलणी खावी लागली, ते असो. सुनावणीला वस्तीतल्या बायका स्वतः बोलल्या. बागेचं आरक्षण हललं आणि वस्ती नकाशावर निवासी म्हणून आली.

पण सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. नदीला दोन पूररेषा असतात. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. वस्तीतली सहा घरं निळ्या रेषेच्या आत होती. त्यांना तिथे राहू द्या असं म्हणणं मला शक्य नव्हतं आणि त्यांनीही तसं म्हटलं नाही. ती हलवायची ठरली. चार कुटुंबांना घरं मिळाली, दोन अजून वाट बघतायत. दगड सरकवणाऱ्या आजी त्या दोनांत होत्या. त्या आता नाहीत. पण ही सहा घरं आहेत, हे मान्य झालं होतं म्हणून त्यांना कुठे न्यायचं हा प्रश्न तरी निघाला. पडीक जमिनीतून कोणाला कुठे न्यायचं नसतं.

या अनुभवानंतर मी कामाची पद्धत बदलली. दुसरीकडे लोक हे कसं करतात ते बघायला लागले, तेव्हा कळलं की माझ्या मैत्रिणीसारखी माणसं खूप आधीपासून हे करत आली आहेत. मुंबईत १९८५ साली, हातात मोबाइल नसताना, 'स्पार्क' या संस्थेनं फुटपाथवर राहणाऱ्या सुमारे ६,००० कुटुंबांची गणना केली. सरकारी शिरगणतीत ज्यांचा पत्ता नव्हता, त्यांचीच ही गणना. पुण्यात प्रतिमा जोशी यांच्या 'शेल्टर असोसिएट्स'नं झोपडपट्ट्यांचे संगणकीय नकाशे तयार केले, तेही घरोघर जाऊन आणि वस्तीतल्या लोकांना बरोबर घेऊन. कुठल्या घराला मलवाहिनी जवळ आहे आणि कुठे शौचालय लगेच बांधता येईल, हे त्या नकाशांवरून ठरवता येतं. केनियात नैरोबीला किबेरा नावाची प्रचंड वस्ती आहे. इंटरनेटवरच्या नकाशांत तिची जागा कोरी दिसायची. २००९ मध्ये तिथल्याच तरुण मुलामुलींनी हातात जीपीएस घेऊन वस्ती पालथी घातली आणि 'ओपनस्ट्रीटमॅप' या सर्वांसाठी खुल्या असलेल्या नकाशावर पाण्याचे नळ, दवाखाने, शाळा, शौचालयं नोंदवली. दिल्लीत २०१३ मध्ये 'सेफ्टीपिन' हे ॲप सुरू झालं. त्यात रस्त्याला नऊ बाबींवर गुण द्यायचे असतात. उजेड आहे का, माणसांची वर्दळ आहे का, बायका दिसतात का, चालायला वाट आहे का आणि शेवटी, इथे तुम्हाला कसं वाटतं? "इथून पळत जायचं" हे मैत्रिणीनं आठवीत लिहिलं होतं, तेच हे.

यातून मी जे शिकले ते तीन गोष्टींत सांगते.

पहिली गोष्ट, संगणकावर अर्ज ठेवला म्हणजे लोकांना विचारलं असं होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची फेरी बघा. स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात तेव्हा सुमारे ५४ टक्के होत्या. म्हणजे सूचना फक्त ॲपवर मागवल्या की जवळजवळ निम्म्या बायका पहिल्याच पायरीवर गळतात. त्यात चश्म्याशिवाय वाचता न येणारे म्हातारे आले, इंग्रजी न येणारे आले, दिवसभर कामावर असणारे आले. म्हणून आता आम्ही रांगोळी, कागद आणि मोबाइल तिन्ही वापरतो. नकाशा मराठीत छापतो. सभा संध्याकाळी घेतो आणि वस्तीत जाऊन घेतो.

दुसरी गोष्ट, विचारलं तर उत्तर द्यायला हवं. पुण्यात २००६ पासून नागरिकांना पुढच्या अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली कामं सुचवता येतात. ही चांगली सोय आहे. पण माणूस एकदा अर्ज करतो, दोनदा करतो, तिसऱ्यांदा विचारतो, "आधीच्यांचं काय झालं?" स्पेनमध्ये बार्सिलोना शहरानं २०१६ मध्ये 'डेसिदिम' नावाची व्यवस्था सुरू केली. कोणी काय सुचवलं, ते स्वीकारलं की नाकारलं, का नाकारलं आणि काम कुठवर आलं, हे तिथे सगळ्यांना दिसतं. नाही म्हटलेलं लोकांना सहन होतं, कारण समजलं की ते पटूही शकतं. उत्तरच आलं नाही, तर पुढच्या वेळी माणूस येत नाही.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. नकाशावर येणं नेहमी फायद्याचंच असतं असं नाही. मैत्रिणीनं त्या दिवशी एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. "तू आमची सगळी माहिती घेतेस. उद्या कोणी हाच नकाशा घेऊन आम्हाला उठवायला आलं तर?" तेव्हापासून एक नियम केलाय. घरोघरच्या माहितीची एक प्रत वस्तीकडे राहते. नावं आणि घरातली माहिती जाहीर नकाशावर जात नाही. काय दाखवायचं आणि काय नाही, ते वस्ती ठरवते. पहाटेची ती वाट आम्ही जाहीर नकाशावर दाखवली नव्हती. त्या वाटेवर दिवा मात्र मागितला. तो लागला आहे, आज येताना मी बघून आले.

आता शेवटचं. संयोजकांची परवानगी न घेता एक प्रस्ताव मांडते.

आज या सभागृहात येताना आपल्या गणिताच्या सरांना दोघांनी धरून तीन पायऱ्या चढवल्या. आम्हाला सरांचा हात धरायला मिळाला म्हणून आम्ही खूश होतो. पण सर मला हळूच म्हणाले, "मला धरून आणलेलं आवडत नाही." गणित त्यांनीच शिकवलंय, म्हणून हिशेब करून सांगते. तीन पायऱ्यांची उंची साधारण ४५ सेंटीमीटर. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराचं प्रमाण एकास बारा. म्हणजे ५.४ मीटर लांबीचा, जवळजवळ अठरा फुटांचा उतार लागेल. बाजूच्या ओट्याला धरून तो बसतो, मी सकाळी मोजून बघितलं. आपल्या तुकडीनं शाळेला काय भेट द्यायची, यावर गटात महिनाभर वाद चाललाय. घड्याळ की पाण्याची टाकी? माझं मत उताराला.

दुसरा भाग असा की, शाळेभोवतीच्या अर्ध्या किलोमीटरचा नकाशा आपण करू या, आताच्या आठवी-नववीच्या मुलांना बरोबर घेऊन. मुलं रोज कुठून येतात, रस्ता कुठे ओलांडतात, फुटपाथ कुठे तुटलाय, दिवा कुठे नाही, मुली कुठली बोळ टाळतात. ओपनस्ट्रीटमॅपवर नोंद करायला एक दुपार शिकावं लागतं, ते मी शिकवते. ज्यांना मोबाइल नको त्यांना छापील नकाशा आणि पेन्सिल मिळेल. नकाशा झाला की तो पालिकेत नेऊन द्यायचा, पोच घ्यायची आणि तीन महिन्यांनी काय झालं ते विचारायला जायचं. या शेवटच्या कामासाठी मला निवृत्त झालेली, वेळ असलेली आणि थोडी चिवट माणसं हवी आहेत. या तुकडीत ती भरपूर आहेत.

वस्तीच्या बाजूच्या रस्त्याचं काम कोणाकडे द्यायचं ते मी ठरवून टाकलंय. ती आता माझ्याकडे रागानं बघतेय हे मला खिडकीकडे बघूनही कळतंय. त्या कामात मी तिच्या हाताखाली असेन.

बाई, त्या वेळी तुम्ही मला नऊ मार्क दिले होते. त्यातले तीन आज मी परत करते.